ईडिथ कीलरला कुणी विचारलंच नाही

ईडिथ कीलर रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली आणि जागच्या जागी गेली. साल १९३०, शहर न्यूयॉर्क. पोलिसांच्या दप्तरी ती अपघाताचीच नोंद असणार. ट्रकवाल्याचा काही हेतू नव्हता आणि बाईंचं लक्ष समोरच्या फुटपाथवर होतं. पण त्या फुटपाथवर तीन माणसं उभी होती. त्यातला एकजण तिला ओढून घ्यायला धावला आणि दुसऱ्यानं त्याला कवेत घट्ट धरून ठेवलं. हा दुसरा तिच्या प्रेमात होता.

ही गोष्ट 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या सफरींच्या मालिकेतली. तिचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग ६ एप्रिल १९६७ ला, गुरुवारी रात्री, अमेरिकेत एनबीसीवर दाखवला गेला. आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची आणि टोकदार कानांचा स्पॉक तेव्हापासून ओळखीचा आहे. मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता असं चाहत्यांना विचारलं तर बहुतेक वेळा याच भागाचं नाव येतं. विज्ञानकथांसाठीचा १९६८ चा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला. मला तो आवडतोच. पण युद्धाला विरोध करणाऱ्यांचं तोंड बंद करायला त्याचा दाखला दिला जातो, तेव्हा या प्रकरणाचे कागद पुन्हा काढून बघावेसे वाटतात.

घडलं ते असं. डॉक्टर मॅकॉय एका जखमी सहकाऱ्याला कॉर्ड्राझिन नावाचं जालीम औषध टोचतो. तेवढ्यात यानाला हिसका बसतो आणि उरलेलं सगळं औषध त्याच्याच पोटात जातं. भ्रमिष्ट होऊन तो खालच्या ग्रहावर पळतो. तिथल्या पडक्या अवशेषांत एक बोलणारी कमान आहे, म्हणजे काळाचं दारच. मॅकॉय तिच्यातून उडी मारतो आणि त्याच क्षणी वर घिरट्या घालणारं यान नाहीसं होतं. डॉक्टरनं भूतकाळात जाऊन काहीतरी असं केलंय की ते यान बांधणारी पृथ्वीच घडली नाही. काय केलं ते शोधून रोखायला कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच दारातून उडी घेतात. पोचतात ते मंदीतल्या न्यूयॉर्कमध्ये, मॅकॉयच्या काही दिवस आधी.

मग थोडी गंमत. दोघं वाळत घातलेले कपडे चोरतात आणि पोलिसाच्या तावडीत सापडतात. स्पॉकच्या कानांचा खुलासा करताना कर्क थापा मारतो, की हा चिनी आहे आणि लहानपणी भाताच्या यंत्रात याचं डोकं अडकलं होतं. १९६७ साली लोक हसले असतील. आज हा विनोद खटकतो, पण पुढं कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवायचा. लपायला जागा शोधत दोघं एका तळघरात शिरतात. ते तळघर २१ व्या रस्त्यावरच्या मिशनचं, आणि मिशन चालवते ईडिथ कीलर.

जोन कॉलिन्सनं ही भूमिका केली आहे. ईडिथ चोरांना पोलिसात देत नाही. झाडलोट करा म्हणते, ताशी १५ सेंट, दिवसाला दहा तास. वर बाकांवर बेकार माणसं सूप-कॉफीसाठी बसलेली आहेत. शेजारचा एक मुरलेला गिऱ्हाईक कर्कला सांगतो की आता सुपाची किंमत मोजावी लागेल, बाई भाषण करणार. भाषण होतंही, पण किर्तनाच्या वळणाचं नाही. ईडिथ म्हणते की लवकरच माणसाला प्रचंड शक्ती वापरता येईल, कदाचित अणूसुद्धा. त्या शक्तीवर यानं दुसऱ्या जगांकडे जातील, आणि ज्यांना हे जमेल त्यांना भुकेल्यांना जेवू घालण्याचे आणि रोग बरे करण्याचे मार्गही सापडतील. म्हणून आजचा दिवस तगून राहा.

या भाषणातला 'अणू' हा शब्द सहज आलेला नाही. पुढं ईडिथला जगासाठी धोकादायक ठरवणारी वस्तू हीच. भुकेल्यांचं पोट भरेल म्हणून ती ज्या शक्तीची वाट बघते, तीच तिच्या गळ्याला फास म्हणून लागते. लेखकानं हे कुठंही अधोरेखित केलेलं नाही. दुसऱ्यांदा बघताना ते आपोआप टोचतं.

स्पॉक भाड्याच्या खोलीत रेडिओचे दिवे आणि तारा जोडून एक जुगाड उभं करतो. कमानीनं दाखवलेला इतिहास त्याच्या यंत्रात मुद्रित झालाय, तो सावकाश फिरवून बघायचा आहे. पडद्यावर वर्तमानपत्राची दोन कात्रणं येतात. एक फेब्रुवारी १९३६ चं, राष्ट्राध्यक्ष आणि ईडिथ कीलर यांच्यात चर्चा. दुसरं १९३० चंच, समाजसेविका अपघातात ठार. दोन्ही खरी असू शकत नाहीत. मॅकॉय येऊन तिला एकतर वाचवणार किंवा मारणार. जुगाड जळून जातं. दुरुस्त झाल्यावर उरलेली गोष्ट कळते. ईडिथ जगली तर शांततेची मोठी चळवळ उभी करते, तिच्या प्रभावामुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरायला उशीर करते. वाटाघाटी रेंगाळतात आणि तेवढ्या अवधीत जर्मनी जड पाण्याचे (अणुभट्टीत लागणाऱ्या खास पाण्याचे) प्रयोग पुरे करून अणुबाँब आधी बनवते. व्ही-२ अग्निबाणांवर तो बसवते आणि जग जिंकते.

कर्कचं म्हणणं पडतं की तिचं बरोबर होतं, शांतता हाच मार्ग होता. स्पॉक ते नाकारत नाही, फक्त वेळ चुकली म्हणतो. मग निकाल देतो की ईडिथ कीलरला मरावं लागेल.

पुढच्या एका प्रसंगात जिन्यावरून उतरताना ईडिथचा पाय निसटतो आणि कर्क तिला झेलतो. स्पॉक वरून बघत असतो. मरायची वेळ कदाचित हीच होती, असं तो नंतर कॅप्टनला सुनावतो. माणूस पडताना दिसला की हात पुढं जातोच, तो हात आवरायला शिक, असा त्याचा अर्थ. शेवटच्या दृश्यात कर्क शिकलेला असतो. मॅकॉय मिशनमध्येच आहे, ईडिथनंच त्याची शुश्रूषा केलीय, हे कळताच कर्क तिला जागेवर थांब म्हणून पलीकडे धावतो. तिघे मित्र गळाभेट घेतात. ही काय गडबड म्हणून ईडिथ रस्त्यावर उतरते. मॅकॉय झेपावतो, कर्क त्याला धरतो. धडक आपल्याला दिसत नाही. ब्रेकचा आवाज, किंकाळी, आणि मॅकॉयच्या खांद्याआड डोळे मिटलेला कर्क.

आता कायद्याच्या भाषेत बघायचं तर कर्कनं तिला मारलेलं नाही. मरू दिलं असंही पुरतं म्हणता येत नाही, कारण वाचवायला निघालेल्याला त्यानं अडवलं. बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उतरलो नाही ही एक गोष्ट, उतरणाऱ्याचा हात धरून ठेवला ही दुसरी. मॅकॉय तेच विचारतो, तू काय केलंस ते तुला कळतंय का. उत्तर स्पॉक देतो, त्याला कळतंय डॉक्टर.

या भागात आणखी एक मरण आहे आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही. मॅकॉय न्यूयॉर्कमध्ये आल्या आल्या एका दूध चोरणाऱ्या भिकाऱ्याला गाठतो आणि बरळत बरळत बेशुद्ध पडतो. भिकारी त्याचे खिसे चाचपतो. हाताला लागतं ते फेझर, भविष्यातलं शस्त्र. काय आहे ते न कळून तो बटण दाबतो आणि जागच्या जागी विरून जातो. श्रेयनामावलीत या माणसाला नावसुद्धा नाही, नुसतं 'रोडंट', म्हणजे उंदीर. त्याच्या जाण्यानं इतिहासाचं पान हलत नाही, स्पॉकचं यंत्र कुरकुर करत नाही, कर्क-मॅकॉयना पत्ताही लागत नाही. या भागाचा लेखक हार्लन एलिसन, त्याच्या मूळ संहितेत ही जागा ट्रूपर नावाच्या माणसाची होती. पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दनच्या लढाईत दोन्ही पाय गमावलेला हा जुना सैनिक रस्त्यावर दिवस काढतो आणि कर्कला मदत करताना मरतो. त्याच्या मरणानं काय फरक पडला असं कर्क विचारतो तेव्हा काळाचे रखवालदार सांगतात, काहीच नाही. पडद्यावर आलेल्या रूपात हे संभाषण गेलं, उंदीर तेवढा राहिला. युद्धाबद्दलच्या कथेतून युद्धानं पांगळा केलेला एकुलता एक माणूसच गळावा, हे मला अजूनही पटत नाही.

एलिसनलाही ते पटलं नव्हतं. त्याची संहिता आधी स्टीव्हन काराबात्सोस, जीन कून, डोरोथी फोंटाना आणि शेवटी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या हातांतून गेली. एलिसननं स्वतःचं नाव काढून 'कॉर्डवेनर बर्ड' हे टोपणनाव लावा असा आग्रह धरला, रॉडनबेरींनी तो मानला नाही. पुढं लेखक संघटनेनं वर्षातली सर्वोत्तम संहिता म्हणून एलिसनला गौरवलं, तेही त्यानं पाठवलेल्या मूळ खर्ड्यासाठी. भांडण दशकानुदशकं चाललं. त्यात दोन्ही बाजूंच्या अहंकाराचा वाटा मोठा असल्यानं इथं इतकं पुरे.

स्पॉकचा पुरावा

एका जळक्या यंत्रावर दिसलेली दोन कात्रणं आणि एक सारांश, एवढ्यावर एका बाईचा जीव गेला. कथेच्या जगात हा पुरावा खरा धरायचा, ते ठीक. पण हा भाग खऱ्या इतिहासाचं नाव घेऊन बोलतो, म्हणून खऱ्या इतिहासाशी त्याची गाठ घालून द्यायला हरकत नसावी.

व्ही-२ चं स्फोटक टोपण साधारण एक टनाचं होतं आणि पल्ला तीनशेवीस किलोमीटरच्या आसपास. हिरोशिमावर टाकलेला बाँब चार टनांहून जास्त वजनाचा. म्हणजे बाँब झाला असता तरी तो त्या अग्निबाणावर चढला नसता, आणि चढला असता तरी अटलांटिक ओलांडला नसता. जड पाणी नॉर्वेतल्या व्हेमॉर्कच्या कारखान्यातून यायचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये बर्फातून दरी उतरून-चढून तिथं सुरुंग लावणारी मंडळी नॉर्वेजियन होती, ब्रिटिशांनी तयार केलेली. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानांनी तिथं बाँबफेक केली हे खरं, पण १९४४ मध्ये उरलेलं जड पाणी घेऊन निघालेली बोट टिन सरोवरात बुडवली ती पुन्हा नॉर्वेच्याच माणसांनी. जर्मनीच्या प्रकल्पालाही सरकारनं १९४२ च्या मध्यानंतर आघाडीचं काम म्हणून रेटलं नाही, आणि १९४५ मध्ये हायगरलोखच्या तळघरातली अणुभट्टी शेवटपर्यंत पेटली नाही. उलट अमेरिकेत रूझवेल्टनी अणुबाँबच्या कामाला हिरवा कंदील दाखवला तो ऑक्टोबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दोन महिने आधी, देश युद्धात नसताना.

एवढं असूनही स्पॉकच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवण्याचा ठराव १२ ऑगस्ट १९४१ ला अमेरिकी प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी मंजूर झाला. एका मतानं. एका बाईच्या चळवळीनं इतिहास वळू शकतो हे म्हणणं म्हणूनच अगदी हवेतलं नाही.

फक्त तो ठराव अडवू पाहणारी माणसं कोण होती? बहुतेकजण ईडिथच्या जातकुळीचे नव्हते. युद्धात उतरायला विरोध करणाऱ्या 'अमेरिका फर्स्ट' समितीचा सर्वांत गाजलेला वक्ता चार्ल्स लिंडबर्ग हा वैमानिक होता. १९३८ मध्ये नाझी नेता गोअरिंगच्या हातून त्यानं जर्मन पदक घेतलं होतं. या लोकांना शांतता नको होती असं नाही, पण त्यांचं मुख्य म्हणणं 'युरोपच्या भानगडीत आपण कशाला' हे होतं. याला अलिप्ततावाद म्हणतात. शांततावाद म्हणजे शस्त्र कुणीच, कुठंच उचलू नये असं मानणं. कथेनं दोन्हींची सरमिसळ केली आणि लिंडबर्गांच्या गर्दीचा ठपका सूप वाढणाऱ्या बाईवर ठेवला.

सूप वाढणारी खरी बाईही होती न्यूयॉर्कमध्ये. डोरोथी डे. १ मे १९३३ ला तिनं 'कॅथलिक वर्कर' हे एका पेनीचं वर्तमानपत्र सुरू केलं, बेघरांसाठी घरं आणि जेवणाच्या रांगा सुरू केल्या. पर्ल हार्बरनंतरही ती युद्धाच्या विरोधातच राहिली. वर्गणीदार तुटले, सहकारी सोडून गेले. ती जगली, १९८० पर्यंत. जर्मनी तरी हरलीच.

आणि माँटाना राज्याची खासदार जेनेट रँकिन. पहिल्या महायुद्धात उतरायचं की नाही यावर प्रतिनिधीगृहात मतदान झालं तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्या पन्नास जणांत ती होती. तारीख ६ एप्रिल १९१७. आपला हा भाग बरोबर पन्नास वर्षांनी त्याच तारखेला दाखवला गेला. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही. ८ डिसेंबर १९४१ ला पुन्हा तीच वेळ आली. ३८८ विरुद्ध एक, आणि तो एक रँकिनचा. मतदानानंतर संतापलेल्या लोकांपासून वाचायला तिनं टेलिफोनच्या खोपट्यात आसरा घेतला आणि पोलिसांनी तिला तिथून सोडवून नेलं. त्या एका मतानं अमेरिकेला घटकाभरही उशीर झाला नाही. लोकशाहीत 'नाही' म्हणणाऱ्याला तेवढी जागा असते, आणि देश त्याच्या डोक्यावरून पुढं जातो. रँकिन नंतर गांधीविचार समजून घ्यायला अनेकदा भारतात येऊन राहिली. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, ती व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मोर्चापुढं चालत होती.

आपल्याकडेही ही वेळ आली होती. जुलै १९४० मध्ये, लंडनवर बाँब पडायला सुरुवात होण्याच्या तोंडावर, गांधीजींनी 'प्रत्येक ब्रिटिशाला' उद्देशून पत्र लिहिलं, शस्त्रं खाली ठेवा म्हणून. चुकीची वेळ कशाला म्हणायची याचा यापेक्षा कडक नमुना सापडणार नाही, आणि त्यांच्यावर श्रद्धा असलेल्यांनाही ते पत्र जड जातं. ऑक्टोबरमध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही विनोबा. वर्ध्याजवळच्या पवनारला १७ ऑक्टोबरला त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं, चार दिवसांत अटक झाली. दुसरीकडे बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळायला गेले, नाझींचा पराभव झालाच पाहिजे या ठाम मतानं. बाबासाहेबांचं या प्रश्नावरचं चिंतन जुनं होतं. १९१८ मध्येच त्यांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या युद्धविरोधी पुस्तकाचं परीक्षण करताना बळाचा वापर आणि हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बजावलं होतं. स्पॉकनं यातल्या कुणाला आधी ढकललं असतं, कोण जाणे.

पालटलेली माणसं

आता माझा खरा आक्षेप. ईडिथ १९३० मध्ये जे बोलते तेच ती १९४१ मध्येही बोलेल, हे खुद्द कथेनंच गृहीत धरलंय. स्पॉकच्या यंत्रात तसं दिसलं म्हणा. पण त्या इतिहासातल्या ईडिथला पुढं काय होणार हे ठाऊक नव्हतं. समोरच्या ईडिथला सांगता आलं असतं.

१४ डिसेंबर १९३०. साल तेच, शहर तेच. रिट्झ-कार्लटन हॉटेलात आइन्स्टाइन भाषण करताहेत. लष्करात बोलावलेल्यांपैकी दोन टक्के माणसांनी जरी लढायला नकार दिला तरी सरकारं हतबल होतील, इतक्यांना डांबायला तुरुंगच पुरणार नाहीत, असं ते म्हणाले. तरुण पोरं कोटावर '२ टक्के' असे बिल्ले लावून फिरू लागली. ईडिथ त्या सभेला गेली असती तर पहिल्या रांगेत बसली असती. मग १९३३ आलं, हिटलर आला. लष्करी सेवा नाकारणाऱ्या बेल्जियन तरुणांसाठी शब्द टाका अशी विनंती आली तेव्हा आइन्स्टाइननी उलट उत्तर दिलं, की आजच्या स्थितीत मी बेल्जियन असतो तर सेवा नाकारली नसती. २ ऑगस्ट १९३९ च्या तारखेचं, युरेनियमपासून बाँब होऊ शकतो हे रूझवेल्टना कळवणारं पत्र त्यांच्याच सहीचं.

रसेलचंही तेच. पहिल्या युद्धाला विरोध केला म्हणून १९१८ मध्ये ब्रिक्सटनच्या तुरुंगात जाऊन आलेला माणूस दुसऱ्या युद्धात हिटलरविरुद्ध लढलंच पाहिजे म्हणाला. न्यूयॉर्कमध्येच धर्मशास्त्र शिकवणारे रायनहोल्ड नीबूर युद्धविरोधी संघटनेचे पुढारी होते, तेही तिथून बाहेर पडून कडवे टीकाकार झाले. डोरोथी डे पालटली नाही, रँकिन पालटली नाही. म्हणजे दोन्ही तऱ्हेची माणसं होती. ईडिथ कुठल्या तऱ्हेची, हे तिला विचारल्याशिवाय कळणार कसं?

भविष्य सांगितलं तर इतिहास बिघडेल, असा बचाव करता येईल. पण इतिहास बिघडलेलाच होता. आणि कर्कनं तोंड बंद ठेवलं होतं असंही नाही. एका संध्याकाळी ईडिथबरोबर फिरताना तो तिला सांगतो, की आणखी शंभर वर्षांनी एक कादंबरीकार होईल, 'मला मदत करू दे' हे शब्द 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' यापेक्षाही मोलाचे असं तो लिहील, आणि तो मृग नक्षत्राच्या पट्ट्यातल्या एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरचा असेल. वर आकाशाकडे बोटही दाखवतो. पोलिसाला भाताच्या यंत्राची थाप मारणारा हा गडी, प्रेमात पडल्यावर खरं भविष्य सांगून मोकळा होतो. ईडिथ त्याला वेड्यात काढत नाही. कर्क आणि स्पॉक या दोघांचं नातं जगावेगळं आहे हे तिला एव्हाना उमगलेलंच आहे, तुझी जागा कर्कच्या शेजारी आहे असं तिनं स्पॉकला सांगून टाकलेलं आहे. इतक्या तल्लख बाईला पुढचं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? १९३९ मध्ये पोलंड पेटेल, त्या वर्षी तू गप्प राहा. किंवा बोल, पण हे बोल.

तिनं ऐकलं नसतं कदाचित. मग ट्रक होताच.

मला कळतं, की विचारलं असतं तर शोकांतिका झाली नसती, आणि एलिसनला शोकांतिकाच लिहायची होती. शोकांतिका म्हणून हा भाग अव्वल आहे. सगळ्यात चांगल्या माणसाला मारावं लागतं आणि मारणाऱ्याला ते कळतं, यापेक्षा जास्त काही पन्नास मिनिटांत मागू नये. कर्कच्या चेहऱ्यावर विल्यम शॅटनरनं जे आणलंय ते एरवी त्याच्याकडून क्वचितच दिसतं. पण शोकांतिका वेगळी आणि न्यायनिवाडा वेगळा. या भागाचा दाखला लोक न्यायनिवाडा म्हणून देतात.

१९६७ मध्ये तर तो तसाच ऐकू जात होता. त्या आठवड्याचं कॅलेंडर बघा. ४ एप्रिलला, मंगळवारी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड भूमिका घेतली. गरिबांसाठीचा पैसा युद्ध गिळतंय, हे त्यांचं एक मुख्य म्हणणं. ईडिथच्या काल्पनिक मिशनपासून शंभरेक रस्ते वर चालत गेलं की हे चर्च. गुरुवारी हा भाग दाखवला गेला. शुक्रवारी, ७ एप्रिलला, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अग्रलेख लिहिला, शीर्षक 'डॉ. किंग यांची चूक'. नागरी हक्क आणि युद्ध यांची गल्लत करू नका, हा त्याचा सूर. तिन्ही गोष्टी एकमेकींना ओळखत नव्हत्या. भाग फेब्रुवारीत चित्रित झाला होता. पण घरोघरच्या पडद्यावर त्या चार दिवसांत जो वाक्प्रचार घुमत होता तो एकच. माणूस चांगला, वेळ चुकली. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांकडे बोट दाखवणारा हा संकेत निर्मात्यांच्या मनात होता का, असं पुढं अभ्यासक एच. ब्रूस फ्रँकलिन यांनी विचारलं तेव्हा मालिकेचे सहनिर्माते रॉबर्ट जस्टमन यांनी तो होता असं मान्य केलं. गंमत अशी की १९६८ मध्ये विज्ञानकथांच्या मासिकांत लेखकांनी व्हिएतनाम युद्धाच्या बाजूनं आणि विरोधात सह्यांच्या जाहिराती दिल्या, त्यात एलिसन आणि रॉडनबेरी दोघांच्याही सह्या विरोधातल्या यादीत होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं तिथं एका पानावर आली.

चित्रीकरणाची एक बारीक गोष्ट. कर्क आणि ईडिथ रात्री ज्या रस्त्यावरून फिरतात तो कल्व्हर सिटीतल्या 'फॉर्टी एकर्स' आवारातला कायमचा सेट. त्याच रस्त्यावर एका विनोदी मालिकेतलं शांत, सुखी खेडं वसवलेलं होतं. दोघं मृगाच्या ताऱ्याबद्दल बोलत पुढं सरकतात तेव्हा मागं न्हाव्याच्या दुकानाची पाटी दिसते, 'फ्लॉइड्स बार्बर शॉप'. त्या मालिकेतल्या फ्लॉइड न्हाव्याची. काढायची राहून गेली.

शेवट कमानीपाशी होतो. तिघे परत येतात. वाट बघणाऱ्यांच्या लेखी ते क्षणभरच गेले होते. कमान उत्साहात आहे, आणखी पुष्कळ प्रवास घडवू शकते म्हणते. यान परत वर आलंय, आपल्याला वर घ्यायचं का विचारतायत, असं यानाची संदेश अधिकारी उहुरा सांगते. कर्क एकच वाक्य बोलतो, इथून चला एकदाचे, आणि त्यात त्या काळच्या टीव्हीवर सहसा न चालणारी एक शिवी आहे. सगळे नाहीसे होतात. पडक्या खांबांमधून वारा वाहत राहतो.